स्टब अ‍ॅक्सलसाठी एफडी मोडू का?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वाचकाकडे वडिलांची 1978ची प्रीमियर पद्मिनी आहे. पुढच्या दोन्ही चाकांना खेळ आलाय, स्टब अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाक ज्या आखूड दांड्यावर फिरतं त्यावर, बेअरिंगची बैठक झिजलीय. मिस्त्री म्हणतात, वेल्डिंग भरून लेथवर टर्निंग करू, साडेतीन हजार. उद्यमनगरातल्या वर्कशॉपने हार्ड क्रोम (झिजलेल्या जागी क्रोमचा कठीण थर) आणि ग्राइंडिंगचे, बेअरिंग-सीलसह, 16 हजार सांगितलेत. ‘हात लावलाच आहे तर रंग, सीटही उरकू का? 1 लाख 80 हजार होतील, 3 लाखांची एफडी मोडतो.’

एफडीला हात लावू नका. तुमच्याकडे अडीअडचणीला तेवढीच पुंजी आहे, आणि मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका व्याज अर्धा ते एक टक्का कापतात. रंग थांबू शकतो, चाक नाही. महिन्याला 9 हजार शिल्लक पडते असं तुम्हीच लिहिलंय, मग 16 हजार दोन महिन्यांत उभे राहतात.

साडेतीन हजारांचा मोह मात्र टाळा. या दांड्यावर अख्ख्या पुढच्या चाकाचा भार येतो आणि तडा जातो तो बहुधा मुळाशी, जिथे दांडा जाड होतो तिथे. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकं तिथलंच पोलाद कमकुवत होऊ शकतं. सेंटर पंच या टोकदार हत्याराने दांड्यावर टिपके मारून बेअरिंगची रेस (आतली कडी) घट्ट बसवणं तर निव्वळ वेळ मारून नेणं. टिपके दबले की रेस पुन्हा फिरते.

म्हणून पहिला खर्च मॅग्नेटिक क्रॅक टेस्टचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तडे चुंबकाने शोधण्याचा. शिरोली, गोकुळ शिरगावला एवढे कारखाने आहेत, सोय सापडेल. तडा निघाला तर क्रोमवर रुपयाही घालू नका, दुसरा अ‍ॅक्सल शोधा. तडा नसेल तर वर्कशॉपला विचारा, क्रोमनंतर लगेच भट्टीत बेकिंग करता का? ते चुकलं तर क्रोम चढवताना शिरलेल्या हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

याला गुंतवणूक समजू नका. 2028 मध्ये गाडी 50 वर्षांची होईल, तेव्हा विंटेज नोंदणी मिळू शकते. पण तिची फी 20 हजार, आणि मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. तुम्हाला तर दर रविवारी आईंना जोतिबाला न्यायचंय! तेव्हा साधी नोंदणीच चालू ठेवा आणि नूतनीकरणाचे पैसे आतापासून वेगळे काढा.

क्रॅक टेस्टचा निकाल येईपर्यंत वर्कशॉपला अ‍ॅडव्हान्स देऊ नका, आणि गाडी दारातच उभी राहू द्या.