वाचक विचारतात : ताकद वाढवली, आता क्लच कोणता?

प्रश्न : माझ्याकडे निसान ३७०झेड (मॅन्युअल) आहे. सुपरचार्जर बसवल्यावर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाकांपाशी ४७५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळाला. तेव्हापासून चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की आरपीएम चढतो, गाडी मात्र तेवढी पळत नाही. एका गॅरेजने सहा पकांची (घासणाऱ्या सुट्या तुकड्यांची) सिरॅमिक प्लेट सुचवली, दुसऱ्याने ट्विन डिस्क, म्हणजे दोन प्लेटचा क्लच. गाडी सुटीच्या दिवशी कास, महाबळेश्वरला जाते. शिवाय पेडल कधीकधी खालीच राहते.
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ट्विन डिस्क घ्या, तीही ऑरगॅनिक लायनिंगची (लायनिंग म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर).

क्लच निवडताना हॉर्सपॉवर बाजूला ठेवा. क्लचवर भार येतो तो टॉर्कचा, आणि तोही चाकांचा नव्हे, क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचा. तुमचे ४७५ गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट जाऊन उरलेले आहेत. ही घट साधारण १५ टक्के धरतात, म्हणजे क्रँकपाशी सुमारे ५६० झाले. त्यावर पाव हिस्सा राखीव ठेवला की ७०० न्यूटन-मीटर. मूळ इंजिन सुमारे ३६५चे होते, तेव्हा कंपनीच्या क्लचला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता हे ७०० येणार कुठून? प्रेशर प्लेटचा (क्लचच्या डिस्कला दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, लायनिंगचा घर्षणांक, डिस्कची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या, या चौघांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. समजा, २५० मिमी बाहेरचा आणि १६० मिमी आतला व्यास असलेली ऑरगॅनिक प्लेट आहे. सरासरी त्रिज्या १०२.५ मिमी, दाब ७,००० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि दोन बाजू. उत्तर येते ४३०. एकाच प्लेटवर ७०० गाठायचे तर दाब ११,४०० न्यूटनच्या आसपास न्यावा लागतो. म्हणजे पेडल दीडपटीहून जड होते आणि तोच वाढीव जोर दर वेळी क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर आणि हायड्रॉलिक सीलवर येतो. सिरॅमिक पकांचा घर्षणांक ०.४५ धरला तर दाब थोडा वाढवून काम भागते, म्हणून गॅरेजवाले ते सुचवतात. ट्विन डिस्कमध्ये मात्र बाजू चार होतात. दाब तेवढाच, घर्षणांक तोच, आणि क्षमता ८६०.

कागदावर दोन्ही पर्याय पास होतात. फरक पडतो यवतेश्वर घाटात, फुलांच्या हंगामात, रविवारी सकाळी, पुढे गाड्यांची रांग लागलेली असताना. सिरॅमिक पक गरम झाले तरी पकड सोडत नाहीत, पण अर्धवट क्लचवर गाडी हळूच सरकवणे त्यांना जमत नाही. गाडी धक्के खाते, थरथरते आणि फ्लायव्हीलचा (क्रँकला जोडलेल्या जड चाकाचा) पृष्ठभागही लवकर झिजतो. असा क्लच ट्रॅकवर शोभतो. तिसरा पर्याय केव्हलर लायनिंगचा. केव्हलर मऊ पकडतो आणि टिकतोही, पण एकदा तापून चकाकी धरली की पूर्वीची पकड सहसा परत येत नाही. घाटाच्या गाडीला तो आम्ही सुचवणार नाही.

ट्विन डिस्कच्या किटसोबत बहुधा फ्लायव्हील येते. ते स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियमचे हलके असते आणि रेस पटकन चढते, हे खरे. पण चढावर गाडी उचलताना निघणारी उष्णता शोषायला वस्तुमान लागते, आणि हलक्या फ्लायव्हीलवर गाडी बंदही पटकन पडते. पेडल दाबल्यावर मधली प्लेट खडखडेल. तो बिघाड नव्हे. किटवरच्या ‘स्टेज ३’ वगैरे नावांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीची स्टेज वेगळी. न्यूटन-मीटरचा आकडा लेखी मागा आणि तो क्रँकचा की चाकांचा, हेही विचारा.

पेडल खाली राहण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या जोराने क्लच सोडवणारा) बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसतो आणि त्याची गळती ही जुनीच तक्रार आहे. क्लच ऑइलची पातळी उतरते का, ऑइल काळे पडले आहे का, बेलहाउसिंगच्या खाली ओल दिसते का, ते पाहा. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तो बदलता येत नाही, म्हणून याच कामात सुधारित सिलिंडर बसवून घ्या. चालतोय म्हणून जुनाच ठेवला तर सगळी मजुरी पुन्हा पडेल.

बसवताना उभे राहून पाहण्यासारख्या गोष्टी : क्रँकचे मागचे ऑइल सील कोरडे हवे, फ्लायव्हीलचे बोल्ट नवे हवेत, घर्षणाच्या पृष्ठभागावरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसलेले हवे. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीसचा पुसट हात पुरे, जास्तीचे उडून लायनिंगवर जाते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, एकेक फेरा देत आवळायचे. एकीकडून आवळत गेले की कव्हर वाकते आणि क्लच नीट सुटत नाही. गिअरबॉक्स चढवताना इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो.

प्रश्न : स्कोडा लॉरा १.८ टीएसआय मॅन्युअल, रीमॅपनंतर (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलल्यावर) टॉर्क २५०वरून ३५० झाला असे सांगतात. कराडकडे जाताना उसाचा ट्रॅक्टर ओव्हरटेक करायला सहाव्या गिअरमध्ये रेस दिली की क्लच घसरतो, दुसऱ्या-तिसऱ्यात नाही. फक्त प्लेट बदलून भागेल?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नुसत्या प्लेटने नाही. खालच्या गिअरमध्ये टॉर्कचा काही भाग इंजिनचेच फिरते भाग वेगात आणण्यात जातो आणि भार क्षणभरच राहतो. सहाव्यात जवळजवळ सगळा टॉर्क क्लचवर येतो, तोही बराच वेळ. तेलाची गळती नाही ना हे आधी पाहा, मग जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक डिस्क जोडीने घ्या. ड्युअल-मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेले, दोन भागांचे) हाताने फिरवून आणि हलवून ढिलाई तपासा. ते लेथवर लावू नका, खराब असेल तर बदला. त्याऐवजी सिंगल-मास (एकसंध) बसवले तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडेल. तोवर चौथ्यात येऊनच ओव्हरटेक करा, आणि २,५०० आरपीएमच्या खालचा टॉर्क रीमॅपवाल्याकडून कमी करून घ्या.

प्रश्न : नवा ऑरगॅनिक क्लच ८०० किलोमीटर सांभाळून चालवायला सांगितला होता. पुण्याच्या चार फेऱ्या मारल्या. आता पूर्ण रेस देऊ का?
— एक वाचक, कराड

उत्तर : अजून नको. लायनिंग बसते ते क्लच दाबताना-सोडताना. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये गेलेले किलोमीटर त्यात धरता येत नाहीत. गावातल्या रहदारीत आणखी चार-पाचशे किलोमीटर साधी चालवा. पूर्ण रेस नको, चढावर क्लचवर गाडी धरून ठेवणे नको, हँडब्रेक लावा. त्यानंतर चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून रेस देऊन पाहा. आरपीएम आणि वेग बरोबरीने चढले तर क्लच बसला. जळका वास आला तर तिथेच थांबून पूर्ण थंड होऊ द्या.