लेसर परवडेल, पण अडकलेले 24 पगार परवडणार नाहीत

प्रश्न : माझं वय 43. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे 3, बरीच वर्षं बदललेला नाही. चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स मिळून वर्षाला महिन्याच्या पगाराचा पाचवा हिस्सा जातो. नंबर घालवायला लेसर शस्त्रक्रिया करायची आहे : लेसिक केलं तर एक पगार लागेल, स्माइल ही नवी पद्धत घेतली तर दोन. वीस वर्षांत चष्म्याचे चार पगार वाचतात, म्हणजे स्माइलमध्येही पैसे दुप्पट होतात. रुग्णालय बिनव्याजी हप्ते देतंय. हप्ते घ्यावेत, की म्युच्युअल फंडातल्या चार पगारांतून पैसे काढावेत? याशिवाय बँकेत दोन पगार आहेत, निवृत्तीच्या खात्यात दहा. उरलेले 24 पगार कृत्रिम दृष्टीवर काम करणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये आहेत. कंपनी अजून शेअर बाजारात नोंदलेली नाही. तीन वर्षांत नोंदणी होऊन दहापट मिळतील, असं सल्लागाराने सांगितलंय. पाच वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला वीस पगार लागतील, ते त्यातूनच देणार असल्यामुळे त्या शेअरना हात लावायचा नाही. दरमहा पगाराचा पाचवा हिस्सा शिल्लक पडतो.

उत्तर : तुमची ओळख झाकली जावी म्हणून सगळ्या रकमा मी महिन्याच्या पगाराच्या मापात मांडल्या आहेत. आधी तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर देते, कारण ते लहान आहे.

तुमच्या वीस वर्षांच्या हिशेबात चाळिशी धरलेलीच नाही. या वयापासून डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो. लेसर कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो; आतल्या भिंगाला तो हात लावत नाही. शिवाय उणे 3 नंबर असलेल्या माणसाला चष्मा काढला की साधारण 33 सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. पुस्तक आणि मोबाइल त्याच अंतरावर असतात. दूरचा नंबर शून्यावर आणलात की ही सोय जाईल आणि वर्ष-दोन वर्षांत वाचायचा चष्मा नाकावर येईल. एका डोळ्यात थोडा उणे नंबर मुद्दाम ठेवण्याचा पर्याय असतो. तो सगळ्यांना मानवत नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस तसं राहून बघा.

आता हिशेब. साठीच्या पुढे मोतीबिंदूची शक्यता वाढते, तेव्हा वीसऐवजी सतरा वर्षं धरू. वाचायचा चष्मा आणि तपासण्या चालूच राहणार, म्हणून वाचणारा खर्च निम्मा धरू. वर्षाला दहावा हिस्सा, सतरा वर्षांत पावणेदोन पगार. दोन पगार घालून पावणेदोन वाचणार असतील, तर दुप्पट कुठे झालं? पोहताना, पावसात, गाडी चालवताना चष्मा नको असेल तर ती खरी सोय आहे, तिच्यासाठी पैसे जरूर खर्च करा. ‘पैसे सुटतात’ म्हणून मात्र डोळ्यावर लेसर मारून घेऊ नका.

नवं म्हणजे दुप्पट चांगलं, असंही नाही. लेसिकला अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीस मान्यता मिळाली, स्माइलला 2016 मध्ये. स्माइलमध्ये छेद खूप लहान असतो आणि सुरुवातीचा कोरडेपणा कमी राहू शकतो. नजर किती सुधारते, यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्या आहेत. तुमच्या कॉर्नियाची जाडी आणि आकार बघून डॉक्टरांना ठरवू द्या. हप्त्यांबद्दल एकच प्रश्न विचारा : सगळी रक्कम रोख भरली तर किती सूट मिळेल? ती सूट आणि प्रक्रिया शुल्क मिळून जे होतं, ते त्या बिनव्याजी हप्त्याचं व्याज.

एवढं लिहून मला थांबता येत नाही. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, ते वाचून मला काळजी वाटली. चाळीस पगारांची एकूण पुंजी, त्यातले 24 एका कंपनीत, म्हणजे 60 टक्के. तीही बाजारात न नोंदलेली, आणि तिच्यावर मुलीचं शिक्षण अवलंबून. दुसरीकडे अडीअडचणीला हाताशी दोनच पगार. लेसरचे एक-दोन पगार कुठून काढायचे, हा प्रश्न याच्यापुढे अगदी किरकोळ आहे.

तीन वर्षांत दहापट म्हणजे दरसाल सुमारे 115 टक्के परतावा. हा आकडा ज्याने तुमच्यासमोर ठेवला, त्याने तो लिहून, सही करून दिला आहे का? नसेल तर तो सल्ला नव्हे, माल खपवण्यासाठी केलेली बतावणी आहे. पाच वर्षांनी हमखास लागणारे पैसे जो माणूस एका अनोंदित कंपनीत घालायला लावतो, त्याला ‘सल्लागार’ म्हणायची माझी तयारी नाही.

तुमच्या मनातला युक्तिवाद मी ओळखू शकते : नजर सगळ्यांनाच हवी असते, तंत्रज्ञान अफाट आहे, मग कंपनी वाढणारच. तंत्रज्ञान खरोखर अफाट आहे. पण शोध यशस्वी होणं आणि त्यावर पैसे लावणाऱ्याला वेळेत पैसे मिळणं, या दोन गोष्टींमध्ये फार मोठं अंतर असतं, आणि डोळ्यांच्या क्षेत्रात ते वारंवार दिसलं आहे.

मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायच्या भिंगाचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे राहूनही डोळा ते सहन करतो, हे हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रशल्यविशारदांच्या लक्षात आलं. नोव्हेंबर 1949 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्यांच्याच व्यवसायातल्या मोठ्या मंडळींनी कडाडून विरोध केला, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाची, एफडीएची मान्यता अशा भिंगांना 1981 मध्ये मिळाली. मध्ये 32 वर्षं गेली. आज जगभर रोज हजारो लोकांना याच शोधामुळे दिसतं. तुमच्या हातात पाच वर्षं आहेत.

लेसरचीही तीच गोष्ट. 1981 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन या शास्त्रज्ञांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर, म्हणजे अतिनील किरणांचा लेसर चालवला आणि आजूबाजूचा भाग न भाजता तो स्वच्छ कापला जातो हे पाहिलं. 1983 मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन ट्रोकेल यांनी कॉर्नियावर त्याचा वापर सुचवला. नंबर घालवणाऱ्या पहिल्या यंत्राला एफडीएची मान्यता मिळाली 1995 मध्ये. शोधापासून 14 वर्षं, तेही सगळं सुरळीत झालं म्हणून. त्यानंतर समिट आणि व्हिसएक्स या दोन कंपन्यांनी, आधीच एकत्र केलेल्या पेटंटांच्या जोरावर, प्रत्येक शस्त्रक्रियेमागे 250 डॉलर घ्यायला सुरुवात केली. 1998 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या कारवाईत ती युती मोडली. 2000 मध्ये व्हिसएक्सने शुल्क 100 डॉलरवर आणलं आणि तिच्या शेअरचा भाव कोसळला. ही जिंकलेल्या कंपनीची गोष्ट आहे. रुग्णांना स्वस्त झालं ते भागधारकाच्या खिशातून गेलं.

आणि तुमच्या कंपनीच्या सगळ्यात जवळचं उदाहरण सेकंड साइट या कंपनीचं आहे. त्यांच्या आर्गस टू या यंत्रात चष्म्यावर कॅमेरा आणि नेत्रपटलावर 60 इलेक्ट्रोडचा छोटा पट्टा होता. एफडीएची मान्यता 2013 मध्ये मिळाली, 2014 मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. म्हणजे तुमचा सल्लागार ज्याची वाट बघायला सांगतोय, ते दोन्ही टप्पे तिने पार केले होते. तरीही 2019 मध्ये तिने हे यंत्र बनवणं थांबवलं. डोळ्यात ते बसवलेल्या साडेतीनशेहून अधिक लोकांना पुढे दुरुस्तीसाठीही कोणी उरलं नाही. चाळिशीवर उपाय म्हणून कॉर्नियात बसवायचं रेनड्रॉप हे इवलंसं रोपण 2016 मध्ये मान्य झालं, 2018 च्या सुरुवातीला ते बनवणारी कंपनी बंद पडली. पुढे कॉर्निया धूसर होण्याच्या धोक्यामुळे एफडीएने त्याच्या वापराविरुद्ध इशारा दिला.

तुमची कंपनी बुडेलच असं मी म्हणत नाही. तिचं भवितव्य ना मला माहीत आहे, ना तुमच्या सल्लागाराला, आणि मुलीच्या प्रवेशाची तारीख मात्र ठरलेली आहे.

या आठवड्यात सल्लागाराला लेखी विचारा : आज हे शेअर कोण, कोणत्या भावाने घेईल? तुम्हाला कळवला जाणारा ‘भाव’ म्हणजे खरेदीदार नव्हे. शेअर तुमच्या स्वतःच्या नावावर जमा आहेत याचा पुरावा मागा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा, आणि सध्याच्या खर्चाने कंपनीकडची रोकड किती महिने पुरेल ते विचारा. मानवी चाचण्या कुठल्या टप्प्यावर आहेत? त्याला स्वतःला या विक्रीत किती दलाली मिळाली? उत्तरं टाळली गेली किंवा परताव्याची हमी कुठे लिहिलेली सापडली, तर शेअर बाजाराच्या नियामकाकडे तक्रार करा. आणि घरी बायकोला हा सगळा व्यवहार आजच दाखवा. पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही, पण मुलगी दोघांची आहे.

मग विका. दोन पगारांचे शेअर हौस म्हणून ठेवा, एकूण पुंजीच्या पाच टक्के. बाकी 22 मिळेल त्या रास्त भावाला. घासाघीस करून 40 टक्के कमी मिळाले असं धरू. तरी तेरा पगार हातात येतात. त्यातले चार बँकेत, म्हणजे अडचणीसाठी एकूण सहा झाले. उरलेले नऊ आणि फंडातले चार मिळून तेरा पगार मुलीसाठी, हळूहळू मुदत ठेवीसारख्या सुरक्षित जागी. वीसला सात कमी पडतात. तुमची शिल्लक पाच वर्षांत बारा पगारांची आहे, त्यातून सात सहज भरतात आणि पाच उरतात. व्याज मी धरलेलंही नाही. इतका तोटा सोसूनही गाडी रुळावर येते.

न विकता कंपनी बुडाली तर? फंडातले चार, शिल्लक बारा, त्यातून अडचणीसाठी चार बाजूला, म्हणजे मुलीसाठी बाराच. आठ पगारांचं शैक्षणिक कर्ज तिच्या डोक्यावर. गेलेले 24 पगार तुमच्या बचतीच्या वेगाने पुन्हा उभे करायला दहा वर्षं लागतील; पहिल्या पाच वर्षांची शिल्लक मुलीकडेच जाणार, म्हणजे तेव्हा तुम्ही 58 वर्षांचे असाल. ‘तोट्यात कसं विकू’ असं मनात येईल. खरेदीचा भाव विसरा. आज हेच पैसे रोख हातात असते, तर मुलीच्या शिक्षणाचे वीस पगार तुम्ही या कंपनीत घातले असते का, एवढंच स्वतःला विचारा.

शेअर विकून पैसे खात्यात आले आणि सहा पगारांची तरतूद झाली, की लेसरसाठी दरमहाची शिल्लक वापरा. लेसिकला पाच महिने, स्माइलला दहा महिने पुरतील. त्या उरलेल्या पाच पगारांतून ते आरामात भागतं. हप्ते नकोत, फंडाला हात नको. तोवर नंबर पळून जात नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या कॉर्नियाच्या मोजमापांच्या प्रती मात्र मागून घ्या आणि घरच्या कागदपत्रांत जपून ठेवा. लेसर झालेल्या डोळ्यात पुढे मोतीबिंदूचं भिंग बसवताना त्याची ताकद ठरवणं अवघड जातं, आणि तेव्हाच्या डॉक्टरांना हे आकडे लागतील.