फोन आजींच्याच हातात राहू दे

प्रिय,

परवा तलावपाळीला भेटलीस तेव्हा फार वैतागलेली होतीस. आजी रोज तेच तेच विचारतात, एकदा तू आवाज चढवलास आणि त्यांनी फोन कपाटात ठेवून दिला. आता त्यांना साधा बटणांचा फोन घेऊन द्यावा का, असं विचारत होतीस. रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

बटणांचा फोन घेऊ नकोस. आधी मला सांग, शिकवताना फोन कोणाच्या हातात असतो? तुझ्याच ना? आजी विचारतात, "फोटो कसा पाठवायचा गं?" तू फोन घेतेस, चार ठिकाणी बोट फिरवतेस आणि "हे बघा, गेला" म्हणून परत देतेस. त्यांना दिसलं ते फक्त तुझं बोट. फोन त्यांच्याच हातात राहू दे. तू शेजारी बस, तोंडाने सांग, हात लावू नकोस.

"त्या चुकीचंच दाबतात" म्हणालीस. चुकीचं नाही दाबत गं. वयाने बोटांची कातडी कोरडी पडते, स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही. मग माणूस जोर लावून, जास्त वेळ दाबतो आणि फोनला वाटतं बोट दाबून धरलंय. चित्रं जागची हलतात, भलतंच काहीतरी उघडतं आणि आजी म्हणतात, "माझ्याकडून बिघडला." सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ही दाबून धरायची वेळ वाढवता येते, ती वाढव. अक्षरं मोठी कर. बोट ओलसर फडक्याला टेकवून मग लावायला सांग. फोन उचलायचंही तसंच. स्क्रीन बंद असताना कॉल आला तर बहुतेक फोनमध्ये बोट सरकवावं लागतं, आणि फोन चालू असताना आला तर वर पट्टी येऊन नुसतं दाबावं लागतं. एकाच कामाच्या या दोन तऱ्हा त्यांना कोणी सांगितल्या होत्या का? तू वेगवेगळ्या वेळी कॉल कर, त्यांना उचलू दे. दहादा चुकला तरी फोन त्यांच्याच हातात.

माझी धाकटी जाऊ वाशीला राहायची. मुलं गुणी, बिलं, गॅसचा नंबर, रिचार्ज, सगळं तेच करायचे. "आई, तू कशाला त्रास घेतेस?" मी सांगत होते, तिला करू द्या. नाही ऐकलं. मुलं परदेशी गेली आणि शेवटची वर्षं ती फोन कधी वाजतो याची वाट बघत बसायची. स्वतःहून व्हिडिओ कॉल लावणं तिला कधी जमलंच नाही. नातवंडं दिसायची ती शेजारीण आली तरच. हे मला अजून सलतं. म्हणून आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत मी कुणाच्या मुलाला फोनला बोट लावू देत नाही. मी कडक आहे, वेळ फुकट घालवते, असं काही जण म्हणतात. म्हणू देत. फोटो पाठवायला अर्धा तास लागला तरी तो त्यांनी स्वतः पाठवलेला असतो.

तुझे बाबा म्हणतात, फसवणुकीची भीती आहे, यूपीआय काढूनच टाकू. भीती खरी आहे. पण ज्या माणसाला फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय लावली, तो दुकानातल्या पोऱ्यालाही देतो आणि पिनही सांगतो. फसवणुकीला वाट तिथूनच मिळते. त्यापेक्षा वहीत त्यांच्याच अक्षरात लिहायला लाव: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. कुणी सांगितलं म्हणून ॲप टाकायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. मग खात्यात थोडेच पैसे ठेवून भाजीवाल्याला वीस रुपये त्यांनाच देऊ दे.

आणि ऐरोलीची गाडी पकडायच्या घाईत शिकवू नकोस. रात्री जेवणानंतर बस, एका वेळी एकच गोष्ट घे, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरी काढू नकोस. त्यांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांग. तुला पाढे पाठ करून घेताना त्यांनी मोजलं होतं का?

नोव्हेंबरात त्यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा असेल. २०२१ पासून तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. बाबा दोन मिनिटांत उरकून टाकतील, त्यांना थांबव. आधार क्रमांक आजींनीच टाकायचा, कॅमेरा त्यांनीच धरायचा, चष्मा काढून, खिडकीच्या उजेडात.

रविवारी संध्याकाळी दोघी घरी या. आजींना म्हणावं, येण्याआधी मला कॉल त्यांनी लावायचा. तू नाही.

तुझी,
मावशी