सोसायटीत सोलर लावलं, मग ट्रॉम्बे-डहाणूची कोळशाची केंद्रं अजून कशाला?

तुम्ही लिहिलंय, गच्चीवर सोलर लावल्यापासून सोसायटीचं बिल निम्म्यावर आलं, मग मुंबईला कोळसा हवाच कशाला. संध्याकाळी सातनंतर तुमची लिफ्ट आणि एसी कशावर चालतात? त्या पॅनलवर नक्कीच नाही.

विदर्भातल्या एका औष्णिक (कोळशावरच्या) वीज केंद्रात माझी सगळी नोकरी झाली, आता मुलाकडे मुलुंडला असतो. हाच प्रश्न आमचे व्याही दर गणपतीत काढतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भर पावसाळ्यातली रात्रपाळी. खाणीतून आलेला कोळसा चिकणमातीसारखा झालेला. बंकर, म्हणजे कोळशाची मोठी टाकी, भरलेला, पण खाली कोळसा पुढे नेणाऱ्या फीडरवर काही उतरेना. कंत्राटी पोरं घण घेऊन च्यूटवर, कोळसा खाली सोडणाऱ्या नळकांड्यावर, ठोकत होती, अंगावरून काळं पाणी ओघळतंय. इकडे कंट्रोल रूममध्ये दिसत होतं, कोळसा दळणारी एकेक मिल रिकामी होत चालली, भट्टीतली ज्वाला डळमळू लागली. ऑइल गनने तेल फवारून आग धरली, वीजनिर्मिती कमी केली. राज्यभरातली निर्मिती आणि मागणी जुळवणाऱ्या कळव्याच्या भार प्रेषण केंद्राचा फोन सारखा खणखणत होता: किती देताय, किती वेळ टिकेल? युनिट, म्हणजे वीजनिर्मितीचा संच, बंद पडलं आणि बॉयलर थंड झाला की पुन्हा उभं करायला तासन् तास जातात, घाईने तापवलं तर जाड धातूला तडे जातात. पहाटेपर्यंत आम्ही ते पडू दिलं नाही. त्या पोरांना कायम करा म्हणून वर लिहून दिलं, कोणी ऐकलं नाही. ते आजही खुपतं.

आणि 2005 च्या सुमारास राज्यभर भारनियमन होतं, तेव्हा आमच्या कुंपणाला लागून असलेल्या गावात तासन् तास वीज नसायची. राखही त्यांच्याच शेतावर. मुंबईला झळ लागली नाही. ज्यांनी भारनियमन कधी भोगलंच नाही, त्यांनी "बंद करा" म्हणणं मला पटत नाही. व्याह्यांना मी हे तोंडावर सांगितलंय.

12 ऑक्टोबर 2020 आठवा. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या, कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या उच्चदाब लाइन बंद पडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी मुंबईने राज्याच्या ग्रिडपासून सुटून स्वतःच्या विजेवर तग धरावा अशी योजना होती. पण तेव्हा शहरासाठीची स्थानिक निर्मितीच पुरेशी चालू नव्हती, योजना फसली. ट्रॉम्बेची कोळशाची दोन युनिटं मिळून 750 मेगावॉट, डहाणूची 500. मुंबईची उन्हाळी मागणी चार हजारांच्या वर. बाकीची बहुतेक वीज बाहेरून, मोजक्या वाहिन्यांवरून येते.

ट्रॉम्बे केंद्राशेजारच्या माहुल-चेंबूरच्या लोकांची धुराची तक्रार मात्र खोटी नाही, धूर त्यांनीच गिळलाय. आपल्या खाणींच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. ट्रॉम्बेला कमी राखेचा आयात कोळसा जळतो, तरी धूर तो धूरच. नवी केंद्रं बांधा असं मी म्हणत नाही. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात 150 मेगावॉटचं उदंचन युनिट आहे, रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवून मागणीच्या वेळी खाली सोडायचं. अशी साठवण आधी वाढवा, मग जुनी युनिटं एकेक करून उतरवा.

राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर चालू निर्मितीचे आकडे दिसतात. दुपारी दोनला बघा, मग रात्री आठला. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत सोलरचा हिशेब मांडाल तेव्हा रात्रीच्या बॅटरीचा खर्चही त्यात धरा.