कूटनीच्या वाटेला लागण्यापूर्वी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कूटनी प्रदेशात तुम्ही प्रथमच गाडीने जाणार असाल, तर आधी नद्या समजून घ्याव्यात, कारण येथील रस्ते बहुतांशी त्यांच्याच खोऱ्यांतून जातात. कॅनल फ्लॅट्स येथे कूटनी नदी कोलंबिया नदीच्या उगमसरोवरापासून जेमतेम २ किलोमीटरवरून वाहते. पण त्याला न मिळता ती दक्षिणेस अमेरिकेत उतरते, पुन्हा उत्तरेस वळून कूटनी सरोवरात येते आणि अखेर कॅसलगारजवळ कोलंबियाला मिळते. हा वळसा नकाशावर बोटाने गिरवून पाहावा, एरवी तो पटत नाही.

कूटनी सरोवर बॅल्फोरहून कूटनी बेला जाणाऱ्या फेरीबोटीने सुमारे ३५ मिनिटांत, तेही विनामूल्य, ओलांडता येते. उन्हाळ्यात गाड्यांची रांग लांबते, म्हणून हाताशी वेळ ठेवावा. बोटीत हँडब्रेक लावून वर डेकवर जावे, गाडीतच बसून राहू नये. सवड असल्यास कॅस्लोला १८९८ ते १९५७ पर्यंत चाललेली 'मोयी' ही चाकाची आगबोट जरूर पाहावी.

हिवाळ्यात मात्र साल्मो-क्रेस्टन घाट (उंची सुमारे १,७७५ मीटर) हिमस्खलनाच्या धोक्यामुळे अधूनमधून बंद ठेवतात. निघण्याच्या दिवशीच सकाळी रस्त्याची स्थिती तपासावी आणि १ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत हिवाळी टायर असल्याशिवाय या घाटात शिरू नये.