लिनक्सवरचं मॉनिटरिंग टूल विंडोजवर न्यायचंय, सिगविनमध्ये कंपाइल करून भागेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सी भाषेत लिहिलेलं एक टूल लिनक्स सर्व्हरचा सीपीयू, मेमरी, लोड आणि प्रोसेस तपासून अलर्ट पाठवतं. आता काही विंडोज सर्व्हर आलेत. तेच टूल सिगविनमध्ये (लिनक्ससाठीचा कोड विंडोजवर कंपाइल करून चालवण्याची सोय) कंपाइल करावं, की नव्याने लिहावं?

सिगविनने भागणार नाही. कोड बहुधा कंपाइल होईल, आकडेही दिसतील, पण सिगविनच्या प्रॉकमध्ये (लिनक्ससारखी प्रोसेसची माहिती देणारा फोल्डर) सिगविनखाली सुरू झालेल्या प्रोसेसच येतात. ज्यांच्यासाठी सर्व्हर घेतला ते एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) किंवा आयआयएस (वेब सर्व्हर) त्यात नसतातच. डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरायचा विचार असेल तर तोही सोडा. ते एक छोटं व्हर्च्युअल मशीन आहे, त्यात चालणारं टूल त्या मशीनचीच तब्येत सांगेल.

माझा सल्ला असा की अलर्टचे नियम, कॉन्फिगरेशन, नेटवर्कवर पाठवण्याचा भाग तसाच ठेवा आणि आकडे गोळा करणारा थर विंडोजसाठी वेगळा लिहा. पायथनची पीएसयूटिल लायब्ररी हेच करते, वरून एकच चेहरा आणि आत प्रत्येक सिस्टमसाठी वेगळा सी कोड. प्रोमिथियस या मॉनिटरिंग सिस्टमवाल्यांनी तर लिनक्सचे आकडे गोळा करणारा नोड एक्सपोर्टर विंडोजवर नेलाच नाही, विंडोज एक्सपोर्टर हा वेगळा प्रोग्रॅम आहे. हा थर लिहिताना प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारा: लिनक्सवर याचा जो अर्थ होता तोच इथे आहे का? नाव तेच आणि अर्थ वेगळा असा आकडा रात्री तीन वाजता ड्यूटीवरच्या माणसाला चुकीच्या दिशेला धाडतो. तो नसलेला बरा.

सीपीयू त्यातल्या त्यात सोपा आहे. गेटसिस्टमटाइम्स हे फंक्शन आयडल, कर्नल आणि युजर असे तीन वेळ देतं, १०० नॅनोसेकंदांच्या एककात. फक्त त्यातल्या कर्नल वेळात आयडल वेळ आधीच मिळवलेला असतो. लिनक्सच्या सवयीने तिन्हींची बेरीज केलीत तर आयडल दोनदा मोजला जाईल आणि सर्व्हर आहे त्यापेक्षा व्यस्त दिसेल. कर्नल अधिक युजर ही एकूण वेळ धरा आणि त्यातून आयडल वजा करा. शिवाय कोणीतरी येऊन सांगणारच की टास्क मॅनेजर वेगळा आकडा दाखवतो. विंडोज ८ पासूनच्या अनेक आवृत्त्यांत टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वेग कमीजास्त झालेलाही हिशेबात धरतो, म्हणून हा फरक पडतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

मेमरीला मात्र वेळ द्या, खरा घोळ तिथे आहे. लिनक्स सहसा मागेल तेवढी मेमरी कबूल करतो आणि खरोखर संपली की ओओएम किलर (मेमरी संपल्यावर जागा होणारा कर्नलचा भाग) एखादी प्रोसेस मारतो. विंडोज असं करत नाही. दिलेल्या प्रत्येक वचनाची नोंद तो कमिट म्हणून ठेवतो, आणि कमिटची मर्यादा म्हणजे साधारण रॅम अधिक पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल). ती भरली की पुढची मागणी नाकारली जाते, मग फिजिकल मेमरी कितीही मोकळी असो. म्हणजे फक्त मोकळ्या रॅमवर लावलेला अलर्ट गप्प बसेल आणि तिकडे सेवा कोसळत असतील. मेमरीचे आकडे देणारं ग्लोबलमेमरीस्टेटसएक्स हे फंक्शन वापराल तेव्हा त्यातल्या 'टोटलपेजफाइल' या फील्डच्या नावावर जाऊ नका. त्यात पेजफाइलचा आकार नसतो, कमिटची मर्यादा असते. स्वॅपच्या, म्हणजे लिनक्समधल्या पेजफाइलच्या, जागी हा आकडा बसवलेली टूल्स मी पाहिली आहेत. त्यांच्या आलेखातला स्वॅप रॅमपेक्षा मोठा दिसतो आणि लोक विनाकारण पेजफाइल कमी करायला निघतात.

लोड ॲव्हरेजबद्दल माझं मत ठाम आहे: ते विंडोजवर दाखवू नका. लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेस तर असतातच, शिवाय डिस्कसाठी अडकलेल्या, मध्येच उठवता न येणाऱ्याही असतात. हा भाग १९९३ पासून त्यात आहे. विंडोजमध्ये असा आकडा ठेवलाच जात नाही. पीएसयूटिल दर ५ सेकंदांनी प्रोसेसर क्यूची (सीपीयूसाठी थांबलेल्यांच्या रांगेची) लांबी वाचून लोडची नक्कल करतं. जुने प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून ती सोय ठीक आहे, पण तुमचा 'लोड ८ च्या वर गेला तर' हा नियम त्यावर चालवू नका, कारण डिस्क तुंबली तरी ही रांग रिकामी असू शकते. त्याऐवजी प्रोसेसर क्यू आणि डिस्क क्यू असे दोन वेगळे आकडे त्यांच्या स्वतःच्या नावाने द्या. ते पीडीएच या विंडोजच्या काउंटर वाचणाऱ्या लायब्ररीतून मिळतात. काउंटर जोडताना इंग्रजी नावं घेणारं फंक्शन वापरा, नाहीतर जर्मन किंवा जपानी विंडोजवर काउंटर सापडणारच नाही.

आता कोडमधले काही खड्डे. ६४ बिट विंडोजवर सी मधला लाँग ३२ बिटांचाच असतो. अनसाइन्ड लाँगमध्ये साठवलेला नेटवर्कचा बाइट काउंटर ४ जीबी ओलांडताच शून्यावर येतो. निश्चित आकाराचे प्रकार वापरा. प्रोसेसचं झाड काढत असाल तर पेरेंट पीआयडीवर (सुरू करणाऱ्या प्रोसेसच्या नंबरवर) आंधळा विश्वास नको. विंडोजमध्ये अनाथ प्रोसेस लिनक्ससारखी इनिटकडे (तिथल्या पहिल्या प्रोसेसकडे) दत्तक जात नाही आणि मेलेल्या पेरेंटचा नंबर दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतो. पेरेंटची सुरुवात मुलाच्या आधीची आहे का, हे तपासा. फोर्क करून (स्वतःची नक्कल काढून) डीमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, होणं इथे नाही, विंडोज सर्व्हिस लिहावी लागते. तिने सुरू होताच ३० सेकंदांत सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरशी संपर्क साधायचा असतो, म्हणून जड तयारी त्यानंतर करा.

महाराष्ट्रातल्या कार्यालयांत हे टूल बसणार असेल तर फोल्डरची नावं मराठीत असतील हे धरून चाला. देवनागरीसाठी विंडोजमध्ये एएनएसआय कोड पेजच (अक्षरांचा जुना, युनिकोडआधीचा तक्ता) नाही, त्यामुळे ए ने संपणारी फंक्शन्स वापरलीत की 'वेतन पत्रक' चं प्रश्नचिन्हांमध्ये रूपांतर होतं. सगळीकडे डब्ल्यू ने संपणारी, युनिकोड घेणारी फंक्शन्स घ्या आणि बाहेर पाठवताना यूटीएफ-८ करा. हे पहिल्या दिवसापासून करा, नंतर बदलायला फार जड जातं.

तयार झाल्यावर एका व्हर्च्युअल मशीनवर पेजफाइलचा आकार स्थिर ठेवा, कारण सिस्टमवर सोडला तर मर्यादाच वाढत जाते. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातल्या टेस्टलिमिट या चाचणीच्या टूलची ६४ बिट आवृत्ती 'एम' पर्याय देऊन चालवा. ती मेमरी मागत जाते पण वापरत नाही, त्यामुळे रॅम मोकळी दिसते आणि कमिट भरत जातं. तुमचा अलर्ट त्या वेळी आला, तर मेमरीचा भाग नीट लिहिलाय असं समजा आणि मग डिस्ककडे वळा.