पुण्याला चाललाच तर कान सांभाळ

लेकरा,

तुझा मेसेज रात्री वाचला, लगेच फोन करणार होतो पण फोनवर तू नुसता हो हो करतो आणि ठेवून देतो, म्हणून लिहून राहिलो. पुण्याच्या त्या इंडस्ट्रियल-इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमाचा शनिवार-रविवार दोन्ही दिवसांचा पास काढला हे एकदम बरोबर केलं. घरी काय सांगू म्हणतो, तर खरं सांग. मशीनचं संगीत ऐकायला चाललो म्हण, मित्राच्या लग्नाची थाप मारू नको. आणि तिसरा वेचा सुरू आहे, तर महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायच्या आधी तुझी पात वेचून मोकळा हो, म्हणजे बाबा बोलणार नाही.

आता तुझा खरा प्रश्न, की दोन दिवस नुसतं इंडस्ट्रियल आणि इलेक्ट्रॉनिक लाइव्ह ऐकून आपल्या खेड्यातल्या पोट्ट्याला काय भेटणार. मला सांग, जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तू तीन सीझन काम केलं, तिथं कधी डोळे मिटून उभा राहिला का? एकटी जिन चालते तेव्हा नुसती खटखट. पण लाइनीतल्या सगळ्या चालू झाल्या की प्रत्येकीची चाल किंचित वेगळी असते, त्या एकमेकींच्या पुढेमागे सरकत राहतात, आणि मधेच काही सेकंद सगळ्या एका ठोक्यावर येतात, जमीन हलल्यासारखी वाटते, की पुन्हा सुटतात. खाली सरकी पडायचा सरसर आवाज वेगळाच. हे तू रोज ऐकलं आणि तुला ते काम वाटलं, काही लोकांना ते संगीत वाटलं, एवढाच फरक आहे.

त्या लोकांचं थोडं माहीत असू दे. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या ग्रुपने १९७६ मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाचं लेबल काढलं, तिथून या प्रकाराला नाव पडलं. शेफील्ड हे पोलादाचं गाव, तिथं कॅबरे व्होल्टेअरची पोरं टेप कापून जोडून आवाज बनवत होती. आणि १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये एक ग्रुप सुरू झाला, आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन, म्हणजे कोसळणाऱ्या नव्या इमारती, त्यांनी भंगारातले पत्रे, हातोडे, ड्रिल मशीन असं सगळं स्टेजवर आणलं. हे सगळं गोऱ्यांचं आहे असं डोक्यात असेल तर ते काढ. मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ (ठेक्याची मशीन) आणि टीबी-३०३ (बेसची मशीन) यांच्या साथीने दहा राग वाजवून रेकॉर्ड केले. त्याच ३०३ मधून शिकागोच्या पोरांनी अ‍ॅसिड हाउस नावाचं नाचायचं संगीत काढलं, पण ते नंतर. तेव्हा तिथं पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा राहू नको.

उभं कुठं राहायचं तेही सांगतो. स्पीकरच्या भिंतीसमोर बिलकुल नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरजवळ राहा, सगळा बॅलन्स तो तिथूनच ऐकून करतो, त्यामुळे सगळ्यात साफ आवाज तिथं असतो. आणि वाजवणाऱ्याचे हात पाहा. लाइव्ह वाजवणारा माणूस मशिनी एकमेकींना मिडी क्लॉकने बांधतो, म्हणजे ताल एक राहतो, आणि मग तो सारखा काही ना काही काढत-घालत असतो, किक, म्हणजे खालचा जड ठोका, बंद केली, फिल्टर हळूहळू उघडला, एखादा आवाज मुद्दाम फाटू दिला. कधी चुकतो, तेव्हा कसा सावरतो ते बघ. नागपूरच्या धुमालमध्ये ऑक्टोपॅडवाला वरातीच्या चालीप्रमाणे ठेका ओढतो नं, तीच नजर लागते. फोनवर व्हिडिओ काढण्यात हे सगळं निसटतं, म्हणून एखादाच काढ.

आता कानाचं, आणि हे नीट वाच. मी वीस वर्षं लग्नाच्या साउंडवर होतो. सीझनमध्ये रात्री घरी आलो की कानात शिट्टी वाजायची, सकाळपर्यंत जायची, मला वाटायचं धंद्यात असंच असतं. एका मे महिन्यात ती सकाळी गेली नाही. अजून आहे, हे लिहून राहिलो तेव्हाही आहे. पावसाळ्यात घरचे म्हणतात रातकिडे किती ओरडून राहिले, आणि मला अंगणात एकही ऐकू येत नाही.

हिशोब साधा आहे. ८५ डेसिबलला ८ तास चालतं, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि अशा गिगमध्ये १०० सहज होतं. आपण कापसाच्या मुलखातले, पण कानात कापूस कोंबून काही होत नाही, आवाज त्यातून आरपार जातो. फोमचे इअरप्लग घे. बोटांत वळून बारीक वात कर, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर आणि मागे ओढ, वात आत सरकव आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धर. बाहेर अर्धा दिसत असेल तर तो बसलाच नाही, पुन्हा कर. तासातून एकदा बाहेर ये, पाणी पी. शनिवारी रात्री कान वाजायला लागले तर रविवारी मागे उभा राहा, पास वाया गेला असं मनात आणू नको.

आणखी एक, गावाबाहेरच्या डीपीखाली, म्हणजे लाइटच्या ट्रान्सफॉर्मरखाली, जो घूंऽऽ आवाज येतो तो १०० हर्ट्झचा असतो, कारण आपली लाइन ५० ची आणि आवाज तिच्या दुप्पट. अमेरिकेत लाइन ६० ची, म्हणून त्यांचा डीपी १२० वर गुणगुणतो. म्हणजे आपल्या डीपीचा सूरच वेगळा, खालचा. मला ही गोष्ट फार आवडते, तू त्यावर काहीतरी बसव.

मी कंप पकडणाऱ्या दोन पिएझो चकत्यांना जॅक सोल्डर करून ठेवले आहेत. त्या लोखंडाला चिकटवल्या की हवेतला नाही, थेट लोखंडाचा आवाज येतो, फक्त गिटारच्या इनपुटला लाव, साध्या लाइन इनपुटला बेस मरतो. जिनिंगच्या मालकाशी बोललो आहे, मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद असताना चिकटवू देतो म्हणाला, चालू झाल्यावर बाहेर उभं राहून रेकॉर्ड करायचं. बाराला गेटवर ये, लांब केबल घेऊन ये.